शेपटीवाला आणि मुलगा

४ फेब्रुवारी

रात्रीचं जेवण झालं आणि बाबांनी घड्याळांची पेटी कपाटातून काढून थेट जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. मी ताटं उचलत होते. म्हणाले, "किती दिवस हे असं कोंडून ठेवायचं? त्याचं पुस्तक आपण दोघं मिळून पुरं करू."

मी टेबल पुसलं. पेटीच्या कडेकडेनं फडकं फिरवलं, पेटीला हात लावला नाही.

माझा नवरा गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. गेल्या ऑगस्टमध्ये, ऑफिसच्या जिन्यात, काखेत नकाशांची गुंडाळी असताना तो कोसळला. जमिनी मोजायचं काम, दिवसभर उन्हात पायपीट, कधी साधी सर्दी नाही. आता घरात मी आणि बाबा, म्हणजे माझे सासरे. लोकांना वाटतं आम्ही एकमेकांना सांभाळून आहोत. खरं म्हणजे आम्ही एकमेकांना चुकवत असतो. ते स्वयंपाकघरात आले की मला गॅलरीत काम निघतं, मी गॅलरीत गेले की त्यांना आत.

डायरी लिहून बघ, जरा मोकळं वाटेल, असं ताई म्हणाल्या होत्या. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, दुसऱ्या गावी असतात. त्यांचं ऐकून लिहायला बसले. मोकळं वगैरे काही वाटलेलं नाही.

९ फेब्रुवारी

पेटी उघडली. बाबाच म्हणाले, "तू उघड. माझे हात कापतात." त्यांचे हात कापत नाहीत. आयुष्यभर लिफ्टची तपासणी करत फिरले, अजून सुईत दोरा एका झटक्यात ओवतात.

आत मऊ कापडात गुंडाळलेली खिशातली घड्याळं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. त्याची गंमत अशी की तबकडीवर ज्याचं नाव असतं त्यानं ते घड्याळ बनवलेलंच नसतं. बनायचं दूरच्या कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात. गावोगावचे जवाहिरे ती मागवायचे आणि तबकडीवर आपल्या दुकानाचं नाव छापून घ्यायचे. कारखान्यांवर जाडजूड पुस्तकं आहेत. ह्या दुकानदारांची मात्र कुणी दखल घेतली नाही. ते कोण होते, कुठं बसायचे, पुढं त्यांचं काय झालं, हे त्याला शोधायचं होतं. त्याला म्हटलं होतं, "अरे, कोण वाचणार हे?" तर म्हणाला, "तू वाचशील, बाबा वाचतील. दोन प्रती काढू."

मी कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवण्याच्या लॅबमध्ये काम करते. मेण कोरायची बारीक सुरी पर्समध्ये होतीच. तिच्या टोकानं एका घड्याळाचं मागचं झाकण अलगद उचकटलं. बाबा म्हणाले, "अक्कलदाढ निघाली का?" मी हसले. बऱ्याच महिन्यांनी हसल्यामुळे मलाच दचकायला झालं.

बहुतेक दुकानदार त्यानं शोधून काढले होते. त्यांची प्रकरणं लिहून तयार आहेत. राहिलेत थोडेच. त्यातला एक आम्हाला दोघांनाही आवडला. तबकडीवर त्याच्या नावाच्या शेवटच्या अक्षराला इतकी लांब शेपूट आहे की ती सेकंदाच्या छोट्या वर्तुळाला वळसा घालून परत येते. त्याला आम्ही 'शेपटीवाला' म्हणायला लागलो. नावापुढं छापलंय, 'आणि मुलगा'.

"हे दुकान कुठं होतं हे त्याला सापडलं होतं का?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "छे. ह्याचं काहीच सापडलं नव्हतं. तुला मुळापासूनच सुरुवात करावी लागेल."

१८ फेब्रुवारी

सध्या लॅबला अर्धा दिवसच जाते. दुपारी वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं चाळत बसले. बोटांची टोकं काळी झाली. शेपटीवाल्याची जाहिरात सापडली! चौकटीत एक घड्याळ, त्याखाली 'आमच्या नावाची, आमच्या खात्रीची'. पत्ता नव्हता, नुसतं 'पुलाजवळ' एवढंच. तेव्हा सगळ्यांनाच माहीत असणार दुकान कुठं ते.

यंत्रावर कोरलेल्या नंबरावरून घड्याळ कुठल्या वर्षी बनलं ते कळतं, कारखान्यांच्या नंबरांचे तक्ते छापलेले मिळतात. आमच्याकडची शेपटीवाल्याची तीन घड्याळं वेगवेगळ्या वर्षांची निघाली. म्हणजे पुष्कळ वर्षं तो मागवत होता. प्रत्येकावर 'आणि मुलगा'.

घरी आले तर चहा तयार. बाबांना सगळं सविस्तर लागतं. वाचनालयात पंखा होता का? समोर कोण बसलं होतं? जाहिरात डाव्या पानावर की उजव्या? मग म्हणाले, "तो लहानपणी वर्तमानपत्राच्या होड्या करायचा. आजचा पेपर मी वाचायच्या आत त्याची होडी झालेली असायची. एकदा माझ्या पगाराची पावती तरंगवली पठ्ठ्यानं."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "लग्नानंतरही करायचा. लाँड्रीच्या बिलांच्या."

"खरं?" बाबा म्हणाले. "अजून सांग."

२७ फेब्रुवारी

दिवस वाया. बाबा म्हणाले होते, जुन्या पुलाजवळ एक चष्मेवाला आहे, त्याच्या आजोबांनी शेपटीवाल्याचं दुकान विकत घेतलं असं त्यांनी कुठंतरी ऐकलंय. गेले. तिथं चष्मेवाला नाहीच, कधी नव्हताही. शेजारचा चप्पलवाला म्हणाला, "ताई, मी इथंच लहानाचा मोठा झालो. चष्म्याचं दुकान असतं तर मला जाड भिंगाचा चष्मा लागलाच नसता, वेळेवर डोळे तपासले असते."

बाबांना सांगितलं. त्यांना जराही वाईट वाटलं नाही. "असं का? मग दुसरा पूल असेल." आणि चप्पलवाल्याचं उत्तर दोनदा सांगायला लावून हसत बसले.

वय झालंय. पूर्वी त्यांना प्रत्येक इमारतीतल्या लिफ्टचा नंबर पाठ असायचा.

८ मार्च

लॅबच्या मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. त्या मालकीण आहेत आणि मला पहिल्यांदा मेण हातात दिलं ते त्यांनीच. दुसऱ्या शहरात त्या नवी लॅब काढतायत आणि तिथलं सगळं मी बघावं असं त्यांचं म्हणणं आहे. "तू इथं राहिलीस तर त्या घराच्या भिंतींकडे बघत म्हातारी होशील," म्हणाल्या. त्यांचं बोलणं असंच, कानशिलात मारल्यासारखं.

मला जावंसं वाटलं. हे इथं लिहून ठेवते, कारण कुणाला सांगता येणार नाही. क्षणभर डोळ्यांसमोर एक रिकामी खोली आली, पांढऱ्या भिंती, ज्या खोलीत तो कधी आलेलाच नाही. आणि बरं वाटलं. लगेच स्वतःचा रागही आला.

घरी येऊन बाबांना म्हटलं, पुस्तक झालं की बघू, तोपर्यंत मी कुठं जात नाही. ते भाजी निवडत होते. "हो हो," म्हणाले, "आधी पुस्तक. पुस्तकाला अजून वेळ लागेल."

१३ मार्च

पुस्तक पुढं सरकायच्या ऐवजी मागंच जातंय. बाबांच्या मते एका तयार प्रकरणात घोळ आहे, तो दुकानदार तो नव्हेच, पुन्हा बघायला पाहिजे. मी पाहिलं. काही घोळ नव्हता. मग त्यांनी पलंगाखालून अजून एक घड्याळ काढलं. म्हणे हे विसरलोच होतो. वरचं धुळीचं कापड मात्र माझ्या जुन्या ओढणीचं होतं, मी गेल्याच आठवड्यात फाडून पुसण्यासाठी ठेवलेली.

म्हाताऱ्या माणसाला किती टोकायचं?

संध्याकाळी त्याच्या पहिल्या सायकलची गोष्ट सांगितली त्यांनी. सांगता सांगता सायकल कुठल्या बाजूला वळली ते दाखवायला उठून उभे राहिले आणि खुर्ची पाडली.

२० मार्च

शेपटीवाला सापडला.

मीच शोधला. जाहिरातीच्या पुढच्या वर्षीच्या अंकात पुलाचं नाव मिळालं, तिथल्या एका जुन्या शिंप्यानं घर दाखवलं. त्या घरात शेपटीवाल्याची नात राहते. त्याच्या मुलीची मुलगी. नव्वदीच्या आसपासच्या आजी, कान उत्तम, पाय गेलेले. खिडकीशी बसलेल्या असतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी सुनावतात.

मी घड्याळ त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं काच पुसली.

"आजोबांचं," म्हणाल्या. "आणि मामाचं."

"मामा म्हणजे तबकडीवरचा मुलगा? तेही दुकानात बसायचे?"

"मामाला मी पाहिलेलंच नाही गं. माझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीच गेला तो. एकोणिसाव्या वर्षी, तापानं. दुकानावर 'आणि मुलगा' अशी पाटी लागली ती त्याच्यानंतर. तोपर्यंत नुसतं आजोबांचंच नाव होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. घड्याळाचं वर्ष सांगितलं. त्या म्हणाल्या, तेव्हा मामाला जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील.

"गिऱ्हाईक विचारायचं, मुलगा कुठाय? आजोबा म्हणायचे, आत आहे, काम करतोय. नेहमी तेच. मी लहान होते, सुट्टीत दुकानात जायची. एकदा आत जाऊन बघितलं. सगळीकडे शोधलं. आत नुसती खोकी आणि एक स्टूल. बाहेर येऊन मोठ्यांदा म्हटलं, आजोबा, आत कुणीच नाही. दुकानात चार माणसं होती."

"मग?"

"मग काही नाही. आजोबांनी मला मांडीवर घेतलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, जेवायला गेला असेल."

आजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. कुणालाही काही सुनावलं नाही. मग म्हणाल्या, "तुमच्यातले ते पुन्हा नाही आले? एक उंचसा होता, उन्हानं रापलेला. आणि त्याचे वडील. दोन वर्षं झाली असतील. हेच सगळं विचारलं होतं. वडील ऐकता ऐकता बाहेर जाऊन उभे राहिले."

मी म्हटलं, "तो माझा नवरा."

"बरा आहे ना?"

मी हो म्हणाले.

२१ मार्च

काल बाबांना खरं सांगितलं नाही. म्हटलं, सापडलं घर, मुलगा पुढं चांगला निघाला, दुकान वाढवलं, म्हातारपणी गेला. नातवंडं होती.

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालं. बापाला बघायला मिळालं सगळं."

आणि उठून हात धुवायला गेले. हात स्वच्छच होते.

मला भीती वाटतेय. दोन वर्षांपूर्वी ते स्वतः तिथं जाऊन आले आहेत, आणि त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. 'त्याचं काहीच सापडलं नव्हतं' म्हणाले होते. चष्म्याचं दुकान, पलंगाखालचं घड्याळ, प्रकरणातला घोळ. आता सगळं जुळतंय. हे विसरायला लागलेत. एक दिवस तो गेला हेही विसरतील आणि विचारतील, आला का गं ऑफिसातून? तेव्हा मी काय सांगू?

२९ मार्च

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब बघायचाय असं सांगून. डॉक्टरांनी तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द लक्षात ठेवायला दिले. बाबांनी शब्द सरळ सांगितले, मग उलटे सांगितले. शेवटी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. बाबांनी खिशातल्या घड्याळाचं चित्र काढलं, वर कडी, चावी, खाली सेकंदाचं छोटं वर्तुळ. आणि तबकडीवर डॉक्टरांचं नाव लिहून कागद पुढं सरकवला. "घ्या. बनवलं मी, नाव तुमचं."

डॉक्टर हसले. मला बाहेर म्हणाले, "ह्यांना काही झालेलं नाही. माझ्यापेक्षा बरी आहे त्यांची स्मरणशक्ती."

माझा विश्वास बसत नाही. पंधरा मिनिटांत काय कळतं? सुरुवातीला असंच असतं म्हणतात, बाहेरच्यांसमोर माणूस सावरून घेतो.

येताना बाबा जिन्यात थांबून म्हणाले, "डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघायचा राहिलाच की."

४ एप्रिल

मोठ्या बाईंना फोन करून नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, कारण सांग. म्हटलं, सासऱ्यांची स्मृती जातेय, त्यांना एकटं टाकून मला येता येणार नाही. आता नाही, कधीच नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा.

फोन ठेवला आणि वळले तर बाबा दारात उभे. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग. किती वेळ उभे होते कोण जाणे. ऐकलं असेल तर वाईट वाटलं असेल, स्वतःच्या आजाराबद्दल असं ऐकणं. मी म्हटलं, "द्या, मी घड्या करते."

"मी करतो," म्हणाले. आणि केल्याही, एकेक बाही नीट जुळवून.

५ एप्रिल

बाबा जेवले नाहीत.

६ एप्रिल



सकाळी नाश्त्याला बसताना बाबा म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यात ताईकडे जातोय. कायमचा."

मला वाटलं मस्करी करतायत. "आणि पुस्तक?"

"पुस्तक पुरे झालं. आहे तेवढं छाप. कंटाळा आला मला त्या घड्याळांचा."

"बाबा, माझं काही चुकलं का?"

"चुकायचं काय त्यात? म्हातारपणी माणसाला स्वतःच्या मुलीकडे राहावंसं वाटतं. पोटची मुलगी ती पोटची मुलगी."

हे शब्द त्यांनी ताटलीकडे बघून म्हटले. अंडं तसंच गार होत होतं. मी उठले, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. मी ती नोकरी सोडली ह्यांच्यासाठी. औषधं, डॉक्टर, रोजचा चहा. सगळं त्याच्यासाठी करत होते की ह्यांच्यासाठी, मला आता सांगता येत नाही. पण मला वाटत होतं आम्ही एका घरातली माणसं आहोत. तो होता म्हणून मी ह्यांची कुणीतरी होते. तो नाही, तर मी एक परकी बाई, जिच्या घरात त्यांची खोली होती.

११ एप्रिल

गेले. ताई घ्यायला आल्या होत्या. ताई जरा गोंधळल्यासारख्या दिसल्या, मला दोनदा जवळ घेऊन काहीतरी बोलायला गेल्या, बाबांनी दोन्ही वेळा हाक मारली.

निघताना माझ्याकडे बघितलंही नाही. गाडीत बसल्यावर काच वर घेतली. एवढंच म्हणाले, "गॅसची नळी बदलून घे. चिरलीये."

१९ एप्रिल

घरात आवाज नाही. इतके दिवस ते खोकायचे त्याचा त्रास व्हायचा.

एकटीसाठी भात शिजवला, दोघांचा झाला. त्याआधी तिघांचा व्हायचा. माप कमी करायला हात शिकतच नाही.

घड्याळांची पेटी बंद करून माळ्यावर टाकली. शेपटीवाल्याचं प्रकरण लिहायला घेतलं होतं, 'आत आहे, काम करतोय' इथपर्यंत आले आणि पुढं लिहवेना. कुणाला वाचून दाखवू?

ताईंचा फोन येतो. बाबा बरे आहेत म्हणतात. बाबा फोनवर येत नाहीत. झोपलेत, फिरायला गेलेत, आंघोळीला गेलेत. बरं आहे. मीही फार विचारत नाही.

२४ एप्रिल

मोठ्या बाई आज स्वतः घरी आल्या. दारातच म्हणाल्या, "सामान बांधलंस का?"

"कसलं सामान? मी नाही म्हटलंय तुम्हाला."

"तू म्हटलंस. नंतर तुझ्या सासऱ्यांचा फोन आला. दुसऱ्याच दिवशी, पाच तारखेला. विचारत होते जागा भरली का. म्हणाले, भरू नका, ती येईल, मी इथून जातोय. आणि माझी स्मृती ठणठणीत आहे, पाहिजे तर तुमच्या लॅबच्या लिफ्टचा नंबर सांगतो. सांगितलासुद्धा गं. बरोबर होता."

मी खाली बसले. बाई बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं.

ते विसरले नव्हते. काहीच विसरले नव्हते. मग ती हेलपाट्यांची दुपार, ते पलंगाखालचं घड्याळ?

आधी राग आला. परस्पर माझं सगळं ठरवून मोकळे! मग बाई गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले आणि त्यांच्या कपाकडे बघताना आठवलं, रोज संध्याकाळी ते काय म्हणायचे. अजून सांग.

३ मे

उद्यापासून तीन दिवसांत नव्या शहरात हजर व्हायचंय. आज ताईंकडे आले. संध्याकाळच्या बसनं निघणार होते.

बाबा बारीक झालेत. मला बघून उठून उभे राहिले, मग लगेच बसले आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी म्हटलं, "शेपटीवाल्याच्या नातीकडे तुम्ही दोघं गेला होता. तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी पेपर खाली घेतला नाही. "हो."

"मी खोटं सांगितलं तेही कळलं होतं."

"हो. चांगलं सांगितलंस. मला ते खरं असतं तर आवडलं असतं."

"मग मला का फिरवलंत बाबा? महिनोन्महिने?"

पेपरच्या मागूनच म्हणाले, "पुस्तक झालं असतं तर तू गेली असतीस. जायलाच हवं होतं. पण मग मी त्याच्याबद्दल कुणाशी बोललो असतो? ताई रडते. शेजारी विषय बदलतात. तुला मी त्याच्या होड्या सांगितल्या की तू लाँड्रीची बिलं सांगायचीस. मला दर दिवशी तो थोडा जास्त मिळत होता गं. मला वाटलं, अजून थोडे दिवस. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय. मग तू त्या बाईंना फोनवर म्हणालीस, कधीच नाही."

मी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला.

"चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. "दोन खोल्या आहेत. तुम्हाला गॅलरीवाली."

"नाही."

"का नाही?"

"उद्या तुला कुणी भेटेल. घरी बोलवावंसं वाटेल. दार उघडायला तुझ्या नवऱ्याचा बाप? नको."

"असं काही होणार नाही बाबा."

"होवो न होवो. दार मोकळं असू दे."

मी पुष्कळ बोलले. हात जोडले, चिडले, ताईंनाही मध्ये घातलं. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या लिफ्ट तपासलेला माणूस, जागचा हलला नाही.

बसला थोडा वेळ होता. स्टॉप ताईंच्या फाटकासमोरच आहे. बाबा फाटकापर्यंत आले, माझी बॅग त्यांनीच घेतली होती. तिथल्या कठड्यावर बसलो. एकदम त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी काय झालं होतं?"

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

"काही नाही बाबा. नेहमीसारखंच. उशिरा उठला. दात घासत घासत मला काहीतरी विचारत होता, मला एक शब्द कळला नाही, मी म्हटलं, आधी तोंड धू."

"काय विचारत होता?"

"बल्ब आणायचाय का. जिन्यातला गेला होता."

"मग?"

"मग एक मोजा सापडेना. शोधला. सोफ्याखाली होता. चहा अर्धाच प्यायला."

"गार झाला होता का?"

"हो. मग गेला. आणि परत आला. दारात उभा राहून म्हणाला, काहीतरी विसरलोय. मी म्हटलं, डबा. म्हणाला, हां. घेतला आणि गेला."

"मी कुठं होतो?"

"आंघोळीला."

बाबांनी मान हलवली. "म्हणजे आवाज आला असेल मला त्याचा. 'काहीतरी विसरलोय' म्हणाला तो. न्हाणीघर तर दाराला लागूनच आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं, "आला असेल ना?"

"तुम्ही गात होता बाबा."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. तो गेल्यापासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. दवाखान्यातही नाही. आता असे रडले की सगळं अंग हलत होतं. मी त्यांना धरलं, आणि मग मलाही आवरलं नाही. रस्त्यावरची माणसं बघत होती, बघू देत. समोर बस येऊन थांबली. कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलं, जरा वाट पाहिली, घंटी दिली. बस गेली.

"अजून सांग," बाबा म्हणाले. "शर्ट कुठला होता?"

४ मे

पहाटेच्या बसनं निघाले. ताईंनी डबा दिला. बाबांचा निरोप घ्यायला त्यांच्या खोलीत गेले, तर भिंतीकडे तोंड करून झोपले होते, पांघरूण कानापर्यंत ओढलेलं.

डोळ्यांवर चष्मा होता.

मी उठवलं नाही. थोडा वेळ दारात थांबले, मग दार हळूच ओढून घेतलं आणि बॅग उचलली.